जुनी ग्रां प्री गाडी रेसला न्यायची तर: कामांचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

हिस्टॉरिक रेसमध्ये अर्ध्यात थांबलेली गाडी बऱ्याचदा पॅडॉकमध्येच (गाड्या तयार करायच्या आवारात) बाद झालेली असते. ट्रॅकवर ते फक्त कळतं. गार तेलावर रेस दिलेलं इंजिन चौथ्या लॅपला बेअरिंग सोडतं आणि सगळे खांदे उडवून म्हणतात, ‘जुनी गाडी, चालायचंच.’ तसं काही नसतं. क्रम चुकलेला असतो.

लिहायला बसलो ते एकाच कारणासाठी. दर हंगामात पुण्या-नाशिकची, आमच्या कोल्हापूरची पोरं मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंगचं मास्टर्स करायला इंग्लंडला येतात आणि शनिवार-रविवारी हिस्टॉरिक टीमकडे मदतीला उभी राहतात. हुशार असतात. डेटा लॉगर डोळे मिटून बसवतील. पण तेल कधी मोजायचं, हे दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. गाडी विकत घेऊन थेट ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या रांगेत, जायला निघालेल्या मालकांचंही तेच.

पुढचं सगळं साधारण १९३० ते १९६० च्या काळातल्या ग्रां प्री गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय: इ. आर. ए., कूपर-ब्रिस्टल, मासेराटी २५० एफ, मागे इंजिन असलेली कूपर टी ५१. वीकएंड म्हणजे साधारण असा: शुक्रवारी टेस्टिंग, शनिवारी क्वालिफाइंग आणि वीस-पंचवीस मिनिटांची एक रेस, रविवारी दुसरी. इंग्लंडमधल्या गुडवुड सर्किटवरच्या रिव्हायव्हलला किंवा मोनॅकोला वेळापत्रक वेगळं असतं, कामांचा क्रम तोच.

## १. सहा आठवडे आधी: कागद

कंटाळवाणं आहे, म्हणूनच पहिलं.

गाडीला एफआयएचा (मोटर स्पर्धांची जागतिक संस्था) हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो की आयोजक क्लबचे स्वतःचे कागद चालतात, हे प्रवेशअर्ज भरतानाच विचारून घ्या. पासपोर्टात फोटो आणि मापं असतात, आणि समोर उभी असलेली गाडी त्याच्याशी जुळावी लागते. हिवाळ्यात कोणी ‘जरा बरा’ कार्ब्युरेटर बसवला असेल तर तो उतरवायची वेळ आत्ता आहे, स्क्रुटिनीअरसमोर (गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) नाही. कोणत्या काळातल्या गाडीला काय चालतं याचे नियम एफआयएच्या अपेंडिक्स के मध्ये आहेत. आपल्या काळाचा भाग छापून घ्या आणि ट्रकमध्ये ठेवा.

ड्रायव्हरचं लायसन्स: ब्रिटनमध्ये पहिलं रेस लायसन्स काढायला मान्यताप्राप्त शाळेत आर्ड्स चाचणी द्यावी लागते आणि मग मोटरस्पोर्ट यूके ही तिथली संघटना लायसन्स देते. नवख्याच्या गाडीच्या मागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावायची असते. ती लावायला लाजू नका. मागून येणारा तुमच्याशी त्या हिशेबाने वागतो, फायदा तुमचाच आहे. भारतीय लायसन्सवर येणाऱ्याने एफएमएससीआयकडून (भारतातली मोटरस्पोर्ट संघटना) आंतरराष्ट्रीय लायसन्स आणि परदेशात उतरण्याची परवानगी वेळेत मागवावी.

ब्रिटनमधली गाडी युरोपात न्यायची असेल तर ए. टी. ए. कार्नेटची (सामान तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद) चौकशी आताच सुरू करा. २०२१ पासून सीमेवर हे प्रकरण गंभीर झालंय. कार्नेटच्या यादीत गाडी, सुटं इंजिन, चाकं, अवजारांच्या पेट्या, सगळं येतं. नेहमीची चूक म्हणजे यादी चोख असते, पण रात्री दोन वाजता बंदरावर ‘कोणी विचारलं नाही’ म्हणून शिक्का न घेता पुढे जायचं. कोणी विचारत नाही, आपणच खिडकीवर जाऊन मारून घ्यायचा.

## २. पाच आठवडे आधी: भेगा शोधा

गाडी सुटी करा. स्टिअरिंगचे आर्म, स्टब ॲक्सल, विशबोन, हाफ शाफ्ट, ब्रेक पेडल आणि चाकं, एवढं तरी भेगांसाठी तपासलंच पाहिजे. पोलादी भागांना चुंबकीय कणांची तपासणी, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमला रंग झिरपवून करायची तपासणी. मॅग्नेशियमला चुंबक लागत नाही, हे सांगण्याची गरज पडू नये. पण पडते.

तपासणीआधी रंग काढलाच पाहिजे. जाड पावडर कोटिंगखाली भेग सुखाने झोपते. म्हणून माझं मत असं की सस्पेन्शनचे भाग पातळ रंगातच ठेवावेत, दिसायला चकचकीत नसले तरी. प्रत्येक भागाला क्रमांक ठोका आणि वहीत तारीख आणि त्यानंतर धावलेले तास लिहा. कोणता भाग किती तासांनी काढायचा हे वही सांगते, आठवण नाही.

तपासून घ्या: कॉटर पिन आणि लॉक वायर पुन्हा वापरलेली नाही ना? एकदा सरळ केलेली पिन कचऱ्यात. नवी पिन काही पैशांची असते, पण आमच्या देशी हाताला ती टाकवत नाही. टाका.

## ३. चार आठवडे आधी: पाने आणि आटे

या काळातल्या ब्रिटिश गाड्यांवर बहुतेक बोल्ट व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे आणि बी. एस. एफ. (त्याच घराण्यातलं बारीक आट्यांचं माप) मापाचे, इटालियन गाड्यांवर मेट्रिक. व्हिटवर्थ घराण्याच्या आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. जवळच्या मापाचा चुकीचा नट दोन-तीन आटे गोडीत चढतो, मग घट्ट होतो, आणि आपल्याला वाटतं बसला. तो बसलेला नसतो. दोन आट्यांवर लटकलेला असतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलो. टूल बोथट झालं की खोलीच्या बाहेरून सांगायचो. तरी इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात एका बी. एस. एफ. स्टडवर मेट्रिक नट पिळला आणि स्टडसकट आटे मारले. त्या दिवशी आमच्या बुजुर्ग हेड मेकॅनिकने काही न बोलता दोन रिकामे डबे आणले. एकावर हिरवा पट्टा, एकावर लाल. तेव्हापासून दोन घराण्यांचे नट-बोल्ट एका टेबलावरही येत नाहीत. तुम्हीही तसंच करा. पाने वेगळ्या पेटीत, आणि प्रत्येक नट पहिले चार आटे बोटांनीच.

शेवटचा टॉर्क दिल्यावर नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. शनिवारी संध्याकाळी, दमलेल्या डोळ्यांना, रेघ तुटलेली लगेच दिसते.

## ४. तीन आठवडे आधी: इंधन ठरवा आणि मग बदलू नका

तुमचं इंजिन पेट्रोलवर आहे की मिथेनॉलच्या मिश्रणावर? मागच्या मालकाच्या बोलण्यावर जाऊ नका, कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणारी बारीक भोकं) काढून मोजा. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला सुमारे ६.४. म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त जावं लागतं, त्यामुळे जेट, नळ्या, पंप सगळं मोठं. पेट्रोलच्या जेटवर मिथेनॉल घातलं तर मिश्रण इतकं पातळ होतं की पिस्टन हातचा जातो. उलटं केलं तर इंजिन धूर ओकत गुदमरतं. त्यातल्या त्यात ती स्वस्तातली चूक.

मिथेनॉल असेल तर रेसला पुरेल एवढं इंधन मोजतानाही दुपटीचा हिशेब धरा. वॉर्म-अप, असेंब्ली एरियातली (रेसआधी गाड्या जमवायची जागा) वाट पाहणं, ग्रीन फ्लॅग लॅप (रेसआधीची तयारीची फेरी), रेस आणि परतीचा लॅप, हे सगळं त्यात आलं. लोक फक्त रेसचे लॅप मोजतात.

सावधान: मिथेनॉलची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. माणूस काहीच कारण नसताना हात झटकत, अंगाशी मारामारी करत नाचतोय असं दिसलं तर तो पेटलाय असं समजा आणि पाणी ओता. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्याने ती आग मरते. इंधन भरताना पाण्याने भरलेली बादली हाताशी हवीच. ते कातडीतून अंगात जातं आणि विषारी आहे. हातमोजे घाला, आणि नळीने तोंडाने ओढायचा देशी उपाय इथे जीवघेणा आहे.

## ५. दोन आठवडे आधी: चाकं, टायर, ब्रेक

या गाड्यांना जुन्या धाटणीचे क्रॉसप्लाय (आतले धागे एकमेकांना तिरके छेदणारे) रेसिंग टायर असतात, बहुतेक डनलॉपचे. रेडियलची सवय असलेला माणूस पहिल्या दिवशी कॅम्बर (चाकाचा तिरकेपणा) मागतो. देऊ नका. क्रॉसप्लायला चाक जवळपास उभंच आवडतं. हवेचा दाब टायरवाल्याने सांगितलेल्या आकड्यापासून सुरू करा, सकाळी सावलीत, गार असताना मोजा, आणि सेशननंतर गरम असताना पुन्हा. उन्हात उभ्या गाडीची एक बाजू जास्त दाब दाखवते, म्हणून त्या बाजूची हवा काढणारे महाभाग मी पाहिलेत.

तारांची चाकं असतील तर प्रत्येक तार पान्याने हलकेच टिचकवा. ताणलेली तार टणत्कार करते, सैल तार ‘खट्’ म्हणते. आंधळ्यालाही कळेल इतका फरक असतो. सैल तार आपण घरी पिळायची नाही, चाकवाल्याकडे पाठवायची.

मधल्या एका मोठ्या नटाने बसणाऱ्या चाकांत उजवी-डावी बाजू वेगळ्या आट्यांची असते: गाडीच्या डाव्या बाजूला सरळ आटे, उजव्या बाजूला उलटे. चाक जॅकवर असताना नट बसवा म्हणजे चाक मध्यावर येतं, मग तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने ठोका. पहिल्या तीन-चार लॅपनंतर पुन्हा ठोका. दुसऱ्यांदा ठोकल्यावर नट थोडासा तरी फिरतोच, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

ड्रम ब्रेक गार असतानाच सेट करायचे. ड्रम तापला की फुगतो, लायनिंगपासून लांब जातो आणि पेडल खाली जातं. ड्रायव्हर येऊन म्हणतो हवा शिरली, आणि आपण उगाच ब्लीड करत (नळ्यांतली हवा काढत) बसतो. आधी गार होऊ द्या, पेडल परत वर आलं का बघा. आलं तर हवा नव्हती.

## ६. एक आठवडा आधी: ड्रायव्हरला गाडीत बसवा

इंजिन बंद, गाडी गॅरेजमध्ये. अर्धा तास.

बऱ्याच युद्धपूर्व आणि काही इटालियन गाड्यांत ॲक्सिलरेटर मध्ये असतो आणि ब्रेक उजवीकडे. डोक्याला हे पाच मिनिटांत कळतं, पायाला दोन दिवस लागतात. डोळे मिटून ‘ब्रेक’ म्हटलं की पाय कुठे जातो ते पाहा. दहातून एकदा जरी चुकला, तरी शुक्रवारच्या टेस्टिंगशिवाय त्याला ग्रिडवर पाठवू नका.

इ. आर. ए. सारख्या गाडीत विल्सनचा प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स असेल तर गिअर आधी दांड्यावर निवडायचा आणि पेडल दाबल्यावर तो पडतो. पेडल तळापर्यंत दाबायचं. अर्धवट दाबलं तर ते पायावर उलटं लाथ मारतं, तीही जोरात. काही गाड्यांत इंधनाच्या टाकीला हातपंपाने हवेचा दाब द्यावा लागतो, तो पंप कोणत्या सरळ रस्त्यावर मारायचा हेही आत्ताच ठरवा.

या काळातल्या अनेक गाड्या आजही सीट बेल्टशिवाय आणि रोल बारशिवाय धावतात. तुमच्या गाडीला काय लागू आहे ते नियमात पाहा. आपल्या मनाने अर्धा उपाय करू नका: रोल बार नसलेल्या गाडीत बेल्ट बांधला तर गाडी उलटल्यावर माणूस तिच्याखालीच अडकतो. अंगावरचे कपडे, हेल्मेट, मोजे, आतले कपडे मात्र एफआयए मान्यतेचेच. गुडवुडला सगळा थाट जुन्या काळाचा असतो, पण त्या फिक्या निळ्या ओव्हरऑलचं कापड आजचं असतं.

## ७. शुक्रवार: स्क्रुटिनीअरिंग

स्क्रुटिनीअर कुठे हात घालणार हे माहीत असतं, तरी लोक तिथेच अडकतात. आदल्या संध्याकाळी स्वतः फिरून घ्या:

- थ्रॉटलला परत आणणारी स्प्रिंग एक काढली तरी तो पूर्ण बंद होतो का
- बाहेरचा कट-ऑफ स्विच ओढल्यावर चालू इंजिन खरोखर बंद पडतं का (मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र, असेल तर तोही; नुसती बॅटरी तुटून उपयोग नाही)
- स्टिअरिंगची ढिलाई, चाकांच्या बेअरिंगचा खेळ
- तेलाचा कॅच टँक (उतू गेलेलं तेल झेलणारा डबा) रिकामा आहे का
- मागचा पावसाळी दिवा, तुमच्या वर्गाला लागत असेल तर
- अग्निशामकाची तारीख

आवाजाची चाचणी इंजिनच्या कमाल फेऱ्यांच्या तीन चतुर्थांशवर घेतात. म्हणजे इंजिन पूर्ण गरम हवं. गार इंजिन घेऊन रांगेत उभं राहायचं आणि अधिकाऱ्याने सांगितलं म्हणून पाच हजारांवर न्यायचं, हा इंजिन मारण्याचा सगळ्यात शिस्तबद्ध मार्ग.

## ८. सेशनच्या ९० मिनिटं आधी: इंजिन गरम करणं

अख्ख्या लेखात हा टप्पा नीट वाचला तरी पुरे.

९० मिनिटं. तेलाच्या टाकीला हीटर किंवा गरम पट्टा लावा. या बहुतेक इंजिनांत ड्राय संप असतो, म्हणजे तेल इंजिनखाली न राहता वेगळ्या टाकीत राहतं. रात्रभरात त्यातलं काही तेल पाझरून खाली क्रँककेसमध्ये उतरतं. सकाळी डिपस्टिक कमी दाखवते. इथे तेल ओतायचं नाही. ओतलं तर इंजिन चालू झाल्यावर खालचं तेल टाकीत परत येतं, टाकी उतू जाते, कॅच टँक भरतो, आणि उरलेलं मागच्या टायरवर. मग ट्रॅकवर पिवळा-तांबडा पट्ट्यांचा झेंडा लागतो आणि त्याचं कारण तुम्ही असता.

६० मिनिटं. सगळे स्पार्क प्लग काढा, मॅग्नेटो बंद. बाहेरून लावायच्या स्टार्टरने इंजिन फिरवा, तेलाच्या दाबाची सुई हलेपर्यंत. घाई नाही. प्लग नसल्याने बेअरिंगवर भार नसतो, तेल आधी पोहोचतं. सुई हललीच नाही तर थांबा. पंपात हवा असेल, नळी सुटली असेल. ‘चालू केल्यावर येईल’ असं म्हणायचं नाही.

५० मिनिटं. वॉर्म-अपचे, म्हणजे गरम जातीचे प्लग लावा. रेसचे प्लग गार जातीचे असतात, मंद चालणाऱ्या इंजिनात ते काजळून जातात. इंजिन चालू करा आणि १,५०० ते २,००० फेऱ्यांवर स्थिर ठेवा. अगदी मंद ठेवू नका, कॅमवर तेल नीट पोहोचत नाही. आणि भुर्र-भुर्र करू नका. प्रेक्षक गोळा होतात, मोबाईल वर येतात, आणि हातात थ्रॉटल असलेल्या माणसाला मोह होतो. मी अशा वेळी प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो.

पाणी तापलं म्हणजे इंजिन तापलं असं नाही. पाण्याची सुई झटकन ७० वर जाते, तेल मागे रेंगाळतं. तेल ६० अंशांच्या वर जाईपर्यंत फेऱ्या वाढवायच्या नाहीत. मग हळूहळू तीन हजार, साडेतीन हजार. दाब स्थिर, गळती नाही, आवाज ओळखीचा, असं असेल तर बंद करा.

बंद केल्याच्या मिनिटाभरात डिपस्टिक. तेल मोजायची खरी वेळ हीच. कमी असेल तर आत्ता ओता, तेही तेच तेल. एरंडीच्या तेलावर चालणाऱ्या जुन्या इंजिनात खनिज तेल मिसळलं तर दोघं एकमेकांत मिसळत नाहीत, आतमध्ये चिकट घाण तयार होते. कोणत्या पिंपात काय आहे ते पिंपावर ठळक लिहून ठेवा, मराठीत लिहिलं तरी चालेल. आमच्या ट्रकमध्ये एका डब्यावर ‘फक्त एरंडेल’ असं लिहिलेलं आहे आणि आता इंग्रज पोरंही तो शब्द ओळखतात.

३० मिनिटं. रेसचे प्लग. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना आटे मऊ असतात, म्हणून प्लग सॉकेटने नाही, बोटांनी चढवा, शेवटचाच पाव फेरा पान्याने. ज्या इंजिनांना आता आधुनिक प्लग चालतात आणि काजळत नाहीत, तिथे ही अदलाबदल वगळता येते. पण ते टेस्टिंगच्या दिवशी सिद्ध करा, रेसच्या नाही.

तपासून घ्या: टॅकोमीटरमध्ये दुसरी, सैल सुई असेल (सर्वांत जास्त गेलेल्या फेऱ्यांवर अडकून राहणारी), तर ती शून्यावर आणली का? पुढे तिचं काम पडणार आहे.

## ९. असेंब्ली एरिया आणि सुरुवात

तुमच्या गाडीत विजेचा पंखा नाही. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर पाणी उकळणारच. असेंब्ली एरियात गाडी ढकलत न्या किंवा पोहोचताच बंद करा, आणि मार्शलने तीन मिनिटांची खूण दिल्यावर चालू करा. धक्का मारून चालू होणारी गाडी असेल तर ढकलणारे किमान तीन जण आणि दुसरा गिअर. पहिल्यात चाकं लॉक होतात.

रांगेत क्लच दाबून बसू नका, न्यूट्रल करा. ग्रीन फ्लॅग लॅपला ब्रेक दोन-तीनदा ठाम दाबा, पण ओढत ठेवू नका.

गुडवुडला झेंडा खाली आला की रेस सुरू. नवखा हमखास फेऱ्या चढवून क्लच घासतो, कारण आधुनिक गाडीत तेच करतो. या अरुंद टायरांना घसरू द्या. टायर थोडा जळला तर पैसे जातात, क्लच जळला तर वीकएंड जातो. दुसऱ्या गिअरपर्यंत घाई नको, हाफ शाफ्टला सगळ्यात जास्त मार पहिल्या पन्नास मीटरमध्ये बसतो.

## १०. ट्रॅकवर

गुडवुडचंच उदाहरण: ३.८ किलोमीटर, घड्याळाच्या दिशेने. मॅजविक हे लांबलचक उजवं वळण, वळणाच्या आतल्या कडेला दोनदा यावं लागतं. सेंट मेरीजला रस्ता डावीकडे वळताना बाहेर उतरतो, तिथे गाडी अंगावर घेऊ नका. लव्हांटला दोन उजवी वळणं, मग सरळ, मग वुडकोट आणि शिकेन (वेग कमी करायला घातलेली आवळ वळणं). गेज पाहायची जागा एकच ठरवा: लव्हांटचा सरळ रस्ता. आधी तेलाचा दाब, मग पाण्याचं तापमान. उरलेल्या लॅपमध्ये डोळे बाहेर.

मॅजविकमध्ये तेलाची सुई थरथरते आणि सरळ रस्त्यावर परत वर येते, असं दिसलं तर टाकीत तेल कमी पडतंय. पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी) या. ‘दोनच लॅप राहिलेत’ या वाक्याने जेवढी इंजिनं फुटली आहेत तेवढी कोणत्याही वळणाने फोडली नसतील.

क्रॉसप्लाय टायर आधीपासून घसरतो, पण सांगून घसरतो. स्टिअरिंगने झटका देऊन त्याला आवरायला गेलात तर गाडी दुसऱ्या बाजूला निघते. हात सैल, ॲक्सिलरेटर स्थिर.

झेंड्यांपैकी लोक विसरतात तो काळ्यावर नारिंगी गोळा. त्यासोबत तुमचा नंबर दिसला तर गाडीत बिघाड आहे, बहुधा मागे तेल सांडतंय, आणि पिटमध्ये यायचंच. हुज्जत तिथे आल्यावर.

## ११. परत आल्यावरची पहिली दहा मिनिटं

आधी ड्रायव्हरशी बोलू नका. आधी टॅकोमीटर.

गेल्या वर्षी आमच्या कूपरचा मालक उतरला तो खुशीत होता. म्हणाला, सहा हजारांच्या वर एकदाही गेलो नाही. त्या कूपरमधल्या क्लायमॅक्स इंजिनची ताकद ६,७५० च्या आसपास संपते. अडकलेली सुई ७,४०० वर होती. वुडकोटला तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर पडला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं. खोटं बोलत नव्हता बिचारा, त्या क्षणी तो वळणाकडे बघत होता. व्हॉल्व्ह स्प्रिंग काढल्या. एक तुटलेली, दोन तुकडे जागच्या जागी टेकून उभे. पुढच्या सेशनला व्हॉल्व्ह पिस्टनवर गेला असता.

म्हणून क्रम असा: सुई वाचा आणि लिहा. इंजिन एक-दोन मिनिटं हलक्या फेऱ्यांवर चालवून बंद करा. लगेच तेल मोजा. टायरचा गरम दाब. चाकांचे नट. रंगाच्या रेघा. मगच ड्रायव्हरला विचारा, ‘कसं झालं?’

ब्रेकवर पाय ठेवून पॅडॉकमध्ये उभं राहू नका आणि तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नका. ड्रम असमान गार होतो आणि वाकडा बसतो. चाकाला ठोकळा लावा.

प्लग वाचायचे असतील तर भर थ्रॉटलवर इग्निशन बंद करून, क्लच दाबून घरंगळत आत यावं लागतं. पॅडॉकमधून संथ फिरून आलेल्या गाडीचे प्लग फक्त पॅडॉकची हकीकत सांगतात. मिथेनॉलवर प्लगला फारसा रंग येतच नाही, तेव्हा पेट्रोलचे तपकिरी रंगाचे नियम तिथे लावू नका.

## १२. शनिवारची रात्र

काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही ते महत्त्वाचं. चालत असलेली गोष्ट सुधारायला उघडू नका. व्हॉल्व्हची फट गार असताना पाहा, पॉइंट पाहा, ब्रेक सेट करा, गाडी झाका, झोपा. रात्री अकरानंतर घट्ट केलेल्या प्रत्येक नटाला सकाळी दुसऱ्या माणसाने पुन्हा पाना लावायचा. हा आमच्याकडचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही, मालकालाही नाही.

## १३. सोमवार

मिथेनॉल टाकीत ठेवून गाडी गॅरेजात लावली तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम खातं. दोन आठवड्यांनी कार्ब्युरेटरमध्ये पांढरी भुकटी सापडते. टाकी, नळ्या, कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करा, पेट्रोलने धुवा, मग वाळवा.

तेल गरम असतानाच काढा, फिल्टर कापून उघडा आणि उन्हात धरून पाहा. चमक दिसली तर ती कुठल्या धातूची हे चुंबकाने ठरवा. चुंबकाला लागली तर पोलाद, नाही लागली तर बेअरिंग किंवा पिस्टनकडे संशय. सिलिंडरची गळती मोजा आणि मागच्या आकड्याशेजारी लिहा.

मॅग्नेशियमची चाकं धुवून पूर्ण कोरडी करा. वहीत तास, गरम-गार दाब, किती तेल ओतलं, प्लगचा क्रमांक आणि कमाल फेऱ्या लिहा. लिहून झाल्यावर ती दुसरी सुई पुन्हा शून्यावर आणा.